शालीच्या टोकाची चिठ्ठी

१६ मार्च १८४६ रोजी अमृतसरला झालेल्या तहाने ईस्ट इंडिया कंपनीने काश्मीर जम्मूचे राजे गुलाबसिंग यांच्या हवाली केलं. किंमत ठरली पंचाहत्तर लाख नानकशाही रुपये. तहाच्या शेवटच्या कलमात मात्र वेगळाच हिशेब आहे. महाराजांनी दरवर्षी इंग्रज सरकारला एक घोडा, शालीच्या लोकरीसाठी नावाजलेल्या जातीच्या बारा बकऱ्या (सहा नर, सहा माद्या) आणि काश्मिरी शालींच्या तीन जोड्या द्यायच्या.

शाल आणि तिची बकरी या कलमात शेजारी शेजारी उभ्या आहेत. घेणाऱ्याला ठाऊक होतं की ही ऊब एका जिवंत जनावराच्या अंगावरून येते, आणि ते जनावर कुठल्या जातीचं असावं हेही त्याने लिहून घेतलं होतं. आज पुण्यातल्या प्रदर्शनात, मुंबईतल्या एखाद्या बुटिकमध्ये किंवा कळंगुटच्या काश्मिरी दुकानात शाल हातात येते तेव्हा बकरी कुठेच नसते. शालीच्या टोकाला शिवलेली एक बोटभर चिठ्ठी असते. तिच्यावर कधी ‘शंभर टक्के कॅशमीर’ लिहिलेलं असतं, कधी ओको-टेक्सचं चिन्ह असतं, कधी जीआयचा, म्हणजे भौगोलिक निर्देशनाचा, शिक्का, कधी ‘एथिकल’ असा मोघम शब्द. बकरी, मेंढपाळ, कातणारी, रंगारी, विणकर या सगळ्यांच्या वतीने बोलायचं काम त्या चिठ्ठीवर येऊन पडलं आहे.

ही पुस्तिका ती चिठ्ठी वाचायला शिकवते. स्वतःसाठी एखादी शाल घेणाऱ्यापेक्षा ती माल मागवणाऱ्यांसाठी अधिक लिहिलेली आहे: घरातून शालींचा व्यवसाय करणाऱ्या स्त्रिया, छोटे दुकानदार, परदेशी ग्राहकाला माल पाठवणारे नवे निर्यातदार. आपल्याकडे सभा-संमेलनांत शाल-श्रीफळ देऊन सन्मान करण्याची रीत असल्यामुळे शालींची ठोक खरेदी करणाऱ्या संस्थाही पुष्कळ आहेत. शालजोडी हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की त्यावरून वाक्प्रचारही तयार झाला. शाल कशाची असते, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

आधी नावांचा गुंता सोडवू. पश्म म्हणजे फारसीत लोकर, त्यावरून पश्मिना. काश्मीरमधून ही शाल युरोपात गेली आणि तिथे त्या धाग्यालाच कॅशमीर म्हणू लागले. दोन्ही नावं बकरीच्या राठ केसांखाली हिवाळ्यात उगवणाऱ्या मऊ लवेची आहेत. लडाखच्या चांगथांग पठारावर, चार हजार मीटरहून अधिक उंचीवर, चांगपा पशुपालक चांगरा बकऱ्या पाळतात. तिथे हिवाळ्यात पारा उणे तीस-चाळीसपर्यंत उतरतो आणि त्या थंडीमुळेच ही लव इतकी तलम होते. बारा ते पंधरा मायक्रॉन ही तिची सर्वसाधारण जाडी. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा असतो, म्हणजे ही लव त्याच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढी. उन्हाळा लागला की बकरी ती लव टाकू लागते. तेव्हा तिला आडवी धरून लांब दातांच्या कंगव्याने विंचरतात. एका बकरीपासून जेमतेम दोनशे-तीनशे ग्रॅम कच्ची लव मिळते आणि राठ केस, माती, कोंडा काढल्यावर तिच्यातली निम्मीच्या आसपास उरते. एका शालीसाठी दोन-तीन बकऱ्यांची वर्षाची लव लागते, ती यामुळे.

लडाखमध्ये वर्षाला निघणारी सगळी कच्ची पश्म पन्नास टनांच्या आत-बाहेर भरते. जगाच्या बाजारात हा वाटा एक टक्काही नाही. जगातलं सुमारे नव्वद टक्के कॅशमीर चीन आणि मंगोलियातून येतं. म्हणून ‘कॅशमीर’ असं लिहिलेला गळपट्टा काश्मीरचा असेल असं समजण्याला काहीही आधार नाही. तो इनर मंगोलियातल्या बकरीचा, चीनमध्ये कातलेला, इटलीत विणलेला आणि दिल्लीत विकलेला असू शकतो, आणि त्यात बेकायदा काहीच नाही. प्रश्न एवढाच की या प्रवासातल्या कुठल्या टप्प्याची हमी चिठ्ठी देते.

या पुस्तिकेचा मुख्य मुद्दा इथेच आहे. प्रत्येक चिठ्ठी एका ठरावीक प्रश्नाचं उत्तर देते आणि बाकीच्यांबद्दल गप्प असते. ओको-टेक्सच्या चिठ्ठीला बकरी माहीत नसते. जीआयच्या चिठ्ठीला रंगातलं रसायन माहीत नसतं. बकरीला कसं वागवलं हे सांगणाऱ्या चिठ्ठीला काश्मीरमधल्या कातणारीची मजुरी माहीत नसते. ग्राहक एक चिन्ह पाहून सगळ्यांचं उत्तर मिळालं असं मानतो. विक्रेताही अनेकदा मनापासून तसंच मानतो, आणि फसगतीची सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते.

सुरक्षिततेचा प्रश्न सर्वांत जुना आहे. १८९५ मध्ये फ्रँकफर्टचे शल्यविशारद लुडविग रेन यांच्या लक्षात आलं की रंगाच्या कारखान्यात काम करणाऱ्यांना मूत्राशयाचा कर्करोग होतो आहे. पुढे कळलं की काही रंगद्रव्यांचे आणि ती बनवताना वापरल्या जाणाऱ्या अमाइन नावाच्या रसायनांचे गुण घातक आहेत. ॲझो नावाच्या रंगांच्या मोठ्या कुळात असे काही रंग आहेत की त्यांचा रासायनिक बंध तुटला की हीच अमाइनं बाहेर पडतात. १९९४ मध्ये जर्मनीने अशा रंगांच्या कपड्यांवर बंदी घातली तेव्हा भारतातल्या निर्यातदारांची धांदल उडाली, कारण आपला रंगोद्योग त्या रंगांवर बराच अवलंबून होता. मार्च १९९७ मध्ये भारत सरकारने पर्यावरण संरक्षण कायद्याखाली सत्तर ॲझो रंग हाताळण्यावर बंदी घातली. युरोपीय संघाने २००२ मध्ये बावीस अमाइनांची यादी करून एक किलो कापडामागे तीस मिलिग्रॅम ही मर्यादा लावली. आज युरोपात शाल पाठवायची तर ही चाचणी चुकत नाही.

ओको-टेक्स स्टँडर्ड १०० हे चिन्ह याच काळातलं, १९९२ सालचं. ऑस्ट्रिया आणि जर्मनीतल्या दोन वस्त्र-संशोधन संस्थांनी ते सुरू केलं. तयार वस्तूचा प्रत्येक भाग, म्हणजे कापड, शिलाईचा दोरा, गुंडी, छपाई, प्रयोगशाळेत तपासला जातो. फॉर्मल्डिहाइड, घातक अमाइनं, जड धातू, कीटकनाशकांचा अंश, कापडाची आम्लता अशी ही तपासणी असते. वस्तूंचे चार वर्ग आहेत. तीन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या वस्तू पहिल्या, सर्वांत कडक वर्गात येतात, आणि अंगाला थेट लागणारे कपडे दुसऱ्यात. फॉर्मल्डिहाइडचंच पाहा. पहिल्या वर्गात ते चाचणीला सापडताच कामा नये, तर दुसऱ्यात किलोमागे पंचाहत्तर मिलिग्रॅमपर्यंत चालतं. बाळाच्या दुपट्यासाठी पश्मिना मागवणाऱ्याचं नुसतं चिन्ह पाहून भागत नाही, प्रमाणपत्रावरचा वर्ग पाहावा लागतो. प्रमाणपत्राची मुदत एक वर्षाची असते, आणि चिठ्ठीवरचा क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर टाकला की ते चालू आहे की संपलं, कोणाच्या नावावर आहे, कोणत्या मालासाठी आहे, हे समजतं.

लोकरीच्या रंगाईत काही जागा विशेष जपायच्या असतात. गडद काळा आणि गडद निळा रंग पक्का बसावा म्हणून लोकरीवर क्रोमियमच्या क्षारांचा वापर होत आला आहे, त्यामुळे अशा मालात क्रोमियमची चाचणी मागणं शहाणपणाचं. कसर लागू नये म्हणून मारलेल्या औषधाचा अंश राहू शकतो. नैसर्गिक बदामी, करड्या, पांढऱ्या रंगांत ठेवलेल्या, न रंगवलेल्या पश्मिन्याला यातल्या बऱ्याच कटकटी लागत नाहीत. श्रीनगरच्या गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या रंगाई करणाऱ्या लहान रंगाऱ्याकडे ओको-टेक्स नसतंच. त्याचं शुल्क आणि दरवर्षीचं नूतनीकरण त्याला परवडत नाही. म्हणून तो विषारी रंग वापरतो असं ठरवणं हा अन्याय आहे. त्या विशिष्ट लॉटमधला तुकडा कापून चाचणीला पाठवणं हा त्यावरचा सरळ उपाय. भारत सरकारच्या वस्त्र समितीचं मुख्यालय मुंबईत प्रभादेवीला आहे. तिच्या प्रयोगशाळा अशा चाचण्या करतात. ठाण्यात लोकर संशोधन संस्था आहे. मराठी व्यापाऱ्याला हे सगळं लोकलच्या अंतरावर आहे, आणि तरीही बहुतेकांना त्याची खबर नाही.

आता ओळखीचा प्रश्न. शाल अंगठीतून ओढून दाखवणारा विक्रेता प्रत्येकाने पाहिला असेल. तलम रेशीम किंवा व्हिस्कोसही त्याच अंगठीतून तितक्याच सहज जातं. धागा जाळून केसाचा वास येतो का पाहणं ही दुसरी लोकप्रिय परीक्षा. तिने कृत्रिम धागा ओळखता येतो, पण मेंढीची लोकर आणि पश्मिना यांत ती फरक करू शकत नाही, कारण दोन्ही प्रथिनंच. खरी परीक्षा सूक्ष्मदर्शकाखाली होते: धाग्याची जाडी आणि त्याच्या पृष्ठावरच्या खवल्यांची ठेवण पाहून.

कायदा काय म्हणतो ते देशागणिक वेगळं आहे. अमेरिकेत २००६ च्या दुरुस्तीनुसार सरासरी जाडी १९ मायक्रॉनपर्यंत असलेली आणि तीस मायक्रॉनहून जाड तंतू वजनाने तीन टक्क्यांपेक्षा जास्त नसलेली लवच ‘कॅशमीर’ म्हणून विकता येते. ‘पश्मिना’ हा शब्द तिथे धाग्याचं कायदेशीर नावच नाही. चिठ्ठीवर पश्मिना लिहिलं तरी आत काय आहे ते वेगळं सांगावं लागतं. ‘काश्मीर पश्मिना’ला २००८ मध्ये भौगोलिक निर्देशन मिळालं, त्याची अट मात्र कडक आहे. धागा १६ मायक्रॉनपर्यंतचा, सूत हाताने कातलेलं आणि कापड हातमागावर विणलेलं असलं पाहिजे. श्रीनगरच्या क्राफ्ट डेव्हलपमेंट इन्स्टिट्यूटमधलं केंद्र शालीची तपासणी करून तिच्यावर क्रमांकाची सुरक्षित चिठ्ठी लावतं. लडाखच्या पश्मिन्याला स्वतःचं वेगळं भौगोलिक निर्देशन २०२३ मध्ये मिळालं, आणि त्याआधी २०१९ मध्ये भारतीय मानक ब्युरोने पश्मिना ओळखण्याचं आणि त्यावर खूण करण्याचं मानक काढलं. पैठणी, हापूस आणि कोल्हापुरी चप्पल यांच्यामुळे जीआय हा शब्द आपल्याला परका नाही. या तिघांच्या नावावर बाजारात काय काय खपतं हेही आपण रोज पाहतो.

हाताने कातण्याच्या अटीमागे कारण आहे. पश्मिन्याचा तंतू आखूड आणि नाजूक. यंत्राच्या वेगाला तो तुटतो. म्हणून काही ठिकाणी त्यात नायलॉन मिसळून यंत्रावर सूत काढतात, कापड विणून झालं की आम्लात नायलॉन विरघळवतात आणि उरलेलं कापड शुद्ध म्हणून विकतात. धागा पश्मिन्याचाच असतो, पण आम्लाने त्याचा जीव गेलेला असतो. दोन हिवाळ्यांत अशी शाल विरते. आणि हजार-दोन हजारांत ‘हाताची अस्सल पश्मिना’ म्हणून मिळणारी शाल हाताचीही नसते आणि पश्मिन्याचीही नसते. एवढं विधान कुठल्याही प्रयोगशाळेत न जाता करता येतं.

शाहतूशचं प्रकरण या सगळ्याच्या पलीकडचं आहे, आणि त्यावर थोडं थांबलंच पाहिजे.

चिरू हा तिबेटच्या पठारावरचा काळवीटासारखा दिसणारा प्राणी. त्याची लव पश्मिन्याहूनही तलम, नऊ ते बारा मायक्रॉनची. तिच्या शालीला शाहतूश म्हणजे राजाची लोकर असं नाव पडलं. वर्षानुवर्षे गिऱ्हाइकांना सांगितलं जाई की चिरू झुडपांना अंग घासतो, तिथे अडकलेली लव लोक वेचून आणतात. ही गोष्ट इतकी गोड होती की ती कुणी तपासलीच नाही. जीवशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलर १९८०च्या दशकात तिबेटच्या पठारावर हिंडू लागले तेव्हा सत्य बाहेर आलं. चिरूला मारल्याशिवाय ती लव मिळत नाही. एका शालीमागे तीन ते पाच प्राणी मरतात. १९९०च्या दशकात बंदुका आणि जीपगाड्या घेऊन टोळ्या वर्षाला हजारो चिरू मारत होत्या. दशकाच्या मध्याला जगात पंचाहत्तर हजारांहून कमी चिरू उरले असावेत असा अंदाज होता. चीनच्या चिंगहाई प्रांतातल्या कोकोशिली भागात शिकाऱ्यांचा पाठलाग करणारा तिबेटी अधिकारी सोनाम दारग्ये जानेवारी १९९४ मध्ये त्यांच्याच गोळ्यांनी मेला. चिरूच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९७९ पासूनच पूर्ण बंदी होती, भारताच्या वन्यजीव कायद्यातही चिरू पहिल्या अनुसूचीत होता. जम्मू-काश्मीरचा कायदा वेगळा असल्यामुळे तिथे बंदी यायला २००२ उजाडलं. बंदीनंतर चिरूची संख्या सावरली. २०१६ मध्ये त्याचं नाव संकटग्रस्तांच्या यादीतून काढून दोन पायऱ्या खाली आणलं गेलं. श्रीनगरमध्ये शाहतूशवर पोट असलेल्या हजारो घरांच्या चुली मात्र त्याच बंदीने थंडावल्या, आणि त्यांची भरपाई त्या प्रमाणात झाली नाही, हेही याच इतिहासाचा भाग आहे.

आजच्या खरेदीदाराशी याचा थेट संबंध असा. शाहतूश ओळखतात ती तिच्यात राहून गेलेल्या चिरूच्या राठ केसांवरून; त्यांच्या आतल्या पोकळीची रचना बकरीच्या केसाहून वेगळी असते. शंका आली की निर्यातीचा माल विमानतळावर अडवला जातो, नमुने तपासायला जातात, आणि चार-दोन केस सापडले तरी फौजदारी खटला उभा राहतो. ‘मला माहीत नव्हतं’ हा बचाव तिथे फार पुढे जात नाही. म्हणूनच डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत पश्मिना प्रमाणन केंद्र सुरू झालं. तिथे शाल तपासून, चिरूचा केस नाही अशी खातरजमा करून प्रमाणपत्र मिळतं. परदेशी पाठवायच्या महागड्या मालाला हे प्रमाणपत्र सोबत असणं आज चैन राहिलेली नाही.

बकरीला मारावं लागत नाही, म्हणून पश्मिना आणि कॅशमीर आपोआप निष्पाप ठरत नाही. याचं सर्वांत बोलकं उदाहरण मंगोलिया. समाजवादी राजवट कोसळली, सहकारी कळप मोडले आणि १९९० नंतर जनावरं खाजगी झाली. रोख पैसा देणारी एकच वस्तू होती, कॅशमीर. १९९० मध्ये त्या देशात सुमारे पन्नास लाख बकऱ्या होत्या. २०१९ पर्यंत त्या दोन कोटी नव्वद लाखांच्या आसपास पोचल्या. मेंढी गवत वरवर खाते, बकरी मुळाशी जाते. कुरणं उघडी पडत गेली. तिथल्या भीषण हिवाळ्याला झुद म्हणतात: आधी कोरडा उन्हाळा, मग गोठलेल्या बर्फाखाली दबलेलं गवत. २००९-१० च्या झुदमध्ये देशातलं जवळपास पाचातलं एक जनावर मेलं, २०२३-२४ मध्ये सत्तर लाखांहून अधिक. जोएल बर्गर, बायारबातार बुवेइबातार आणि भारतातले चारुदत्त मिश्रा यांनी २०१३ मध्ये दाखवून दिलं की मंगोलिया, भारत आणि तिबेटच्या पठारावर मूळच्या रानटी चरणाऱ्या प्राण्यांचं एकूण वजन पाळीव जनावरांच्या पाच टक्क्यांहूनही कमी उरलं आहे. पॅरिस-न्यूयॉर्कमधला स्वस्त स्वेटर आणि हिमबिबट्याचं कमी झालेलं भक्ष्य यांचा संबंध त्यांनी जोडून दिला.

त्यात २०१९ मध्ये पेटा एशिया या प्राणी-हक्क संघटनेने चीन-मंगोलियातल्या विंचरणीची चित्रफीत प्रसिद्ध केली: पाय बांधलेल्या, ओरडणाऱ्या, रक्ताळलेल्या बकऱ्या. त्याच सुमारास दोन मानकं पुढे आली. २०१५ मध्ये स्थापन झालेल्या सस्टेनेबल फायबर अलायन्सचं काम मुख्यतः मंगोलियात आहे. तिच्या मानकात कुरणाचं व्यवस्थापन आणि जनावराची निगा या दोन्हींच्या अटी आहेत. हॅम्बुर्गच्या एड बाय ट्रेड फाउंडेशनचं ‘गुड कॅशमीर स्टँडर्ड’ इनर मंगोलियातल्या शेतकऱ्यांसाठी आहे. मेंढीच्या लोकरीसाठी असलेलं ‘रिस्पॉन्सिबल वूल स्टँडर्ड’ किंवा अंगोरा बकरीच्या मोहेरसाठी असलेलं मानक कॅशमीरला लागू होत नाही. पुरवठादाराने त्यांची कागदपत्रं पुढे केली तर ती दुसऱ्याच जनावराची आहेत हे ओळखता आलं पाहिजे. आणि या दोन्ही कॅशमीर मानकांचा जन्म मोठ्या कळपांसाठी, मोठ्या गिरण्यांना माल देणाऱ्यांसाठी झाला आहे. चांगथांगच्या चांगपाकडे तसं प्रमाणपत्र नसतं. त्याचे कळप लहान, विंचरण हाताची, कुरणं फिरती. मात्र १९६२ नंतर सीमेपलीकडची हिवाळी कुरणं बंद झाली, खर्नकसारख्या भागातली कितीतरी कुटुंबं लेहजवळ येऊन स्थिरावली, आणि २०१३ च्या हिमवर्षावात हजारो बकऱ्या-करडं दगावली. त्याच्या लोकरीला योग्य भाव देणं हेच त्या कुरणावर माणूस टिकण्याचं साधन आहे, असं या पुस्तिकेचं ठाम मत आहे.

कागद खरा असला तरी तो त्याच मालाचा असेल असं नाही. सेंद्रिय कापसाचं उदाहरण घ्या. २०२० मध्ये जीओटीएस या सेंद्रिय वस्त्रांच्या मानक संस्थेने जाहीर केलं की भारतात वीस हजार टन कापूस बनावट कागदांवर सेंद्रिय म्हणून खपवला गेला. त्यात खोटी व्यवहार-प्रमाणपत्रं होती. विदर्भ-खानदेशात प्रामाणिकपणे सेंद्रिय कापूस पिकवणाऱ्याच्या भावावरही अशा घोटाळ्याची सावली पडते. त्यातून शिकायचं ते हे: कारखान्याला मिळालेलं प्रमाणपत्र फक्त एवढंच सांगतं की तो कारखाना असा माल बनवू शकतो. समोरचा गठ्ठा तसाच आहे हे सांगायला त्या गठ्ठ्याचं, त्या वजनाचं, त्या बिलाचं वेगळं व्यवहार-प्रमाणपत्र लागतं. पहिलं दाखवून दुसरं टाळणारा पुरवठादार भेटला की सौदा तिथेच थांबवावा. प्रमाणपत्रावरची तारीख, वस्तूचं नाव आणि वजन बिलाशी ताडून पाहायला पाच मिनिटं लागतात. कंटाळा करून चालणार नाही.

शेवटी ती, जिच्यापर्यंत यातलं कुठलंच चिन्ह नीट पोचत नाही. काश्मीरमध्ये कातणं हे बायकांचं काम. घरातल्या कोपऱ्यात येंदर हा चरखा घेऊन ती बसते, तांदळाच्या पिठाने लव स्वच्छ करते आणि डोळ्याला जेमतेम दिसणारं सूत काढते. तिची मजुरी गाठीवर मोजतात: दहा-दहा इंचांचे दहा धागे म्हणजे एक गाठ, आणि वर्षानुवर्षे गाठीचा दर एक रुपया होता. भाव वाढले, शालीची किंमत वाढली, गाठीचा रुपया जागचा हलायला फार वेळ लागला. परवडेना म्हणून हजारो बायकांनी येंदर माळ्यावर टाकले. मजुरांच्या हक्कांसाठी १९९७ पासून असलेलं एसए ८००० हे मानक कारखान्यांसाठी आहे. घराच्या कोपऱ्यात बसलेली कातणारी त्याच्या तपासणी-यादीत येत नाही. गालिच्यांच्या धंद्यात कैलाश सत्यार्थींच्या पुढाकाराने १९९४ मध्ये सुरू झालेल्या रगमार्कने, म्हणजे आजच्या गुडवीव्हने, अचानक घरोघरी जाऊन मागांची तपासणी करणं शक्य आहे हे दाखवून दिलं आहे. पश्मिन्यात ते व्हायला हवं. जीआयने हाताने कातलेलं सूत ही अट घातली, पण त्या हाताला किती द्यायचं हे कुणीच लिहिलं नाही.

पुढच्या पानांत प्रत्येक चिन्हाची माहिती, चाचणीसाठी नमुना कसा कापायचा आणि कुठे पाठवायचा, पुरवठादाराला काय काय विचारायचं, हे सविस्तर येईल. वाचकाने त्यातलं आपल्या कामाचं तेवढं घ्यावं. पण पहिली मागणी नोंदवताना दोन गोष्टी न चुकता कराव्यात. शालीवरचा क्रमांक संकेतस्थळावर स्वतः टाकून पाहावा, दुकानदाराने दाखवलेल्या छायाप्रतीवर थांबू नये. आणि पुरवठादाराकडून बिलावर कताईचा दर ही एक वेगळी ओळ लिहून मागावी, एवढी विनंती.